पुसलेली संध्याकाळ

संग्रहालयातल्या जुन्या चित्रांवरचा मळ काढायचं काम त्याच्याकडे होतं. त्या कामाचा तोरा असा की, स्वच्छ कॅनव्हासवर चित्रकार मंडळी उगाच लुडबुडली असं त्याला वाटे. माघारी सगळे त्याला चकाचक म्हणत. घरीही चमच्यावर बोटाचा ठसा दिसला की स्वारी तोंड वाकडं करून बसे.

सासऱ्यांविषयी तर मनात कायमची अढी. म्हातारा हयातभर फटकारे मारत बसला, धड एक रेघ ओढता आली नाही, असं तो पाहुण्यांसमोरही बोले. बायकोपाशी तिच्या वडिलांनी काढलेलं एकच चित्र उरलं होतं. हिवाळ्यातली तिन्हीसांज, बर्फातली वाट आणि वाटेवर पाठमोरी बाई. ती तिची आई. आईचा फोटो नव्हताच, होती ती एवढीच. जवळून नुसते ठिपके, पण जरा मागे सरकलं की आई चालू लागे. घर चित्रात नव्हतं, पण एवढ्या कातरवेळी बाई जाणार कुठे? घरीच.

तिने फक्त फ्रेमची कुजलेली दोरी बदलायला सांगितलं होतं. पण याचे हात शिवशिवले. भिंग लावलं, तर बर्फावर पिवळट-जांभळट थर!

"सासरेबुवांनी कधी फडकंसुद्धा मारलं नाही वाटतं," असं पुटपुटत त्याने मळ काढायच्या द्रावणाची बाटली उघडली. संग्रहालयात तो आधी एका कोपऱ्यात पुसून बघे, रंग सुटतोय का ते. इथे कशाला? सासऱ्याचंच तर चित्र! कापसाचे बोळे रंगत गेले आणि गडी खुशीत शीळ घालत राहिला. रंग सुटतोय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. याला मळच दिसला, कारण चित्रात दुसरं काही बघायची त्याला सवयच नव्हती.

बायको आली तोवर बर्फ पांढराफटक झाला होता.

"अहो, हे काय केलंत?"

"अगं, किती मळलं होतं! बघ आता कसं उजळलंय."

"मळ नव्हता तो. बाबांनी सगळ्यात शेवटी वरून संध्याकाळ चढवली होती." ती मागे सरकत सरकत भिंतीला टेकली. "आई घरी चालली होती हो. आता सकाळ झालीय, आणि ती घर सोडून निघालीय."

त्याने मान तिरकी करून पाहिलं, तेही भिंगातूनच.

"पण बर्फ किती स्वच्छ निघालाय, ते बोल ना!"

कचऱ्याच्या डब्यापाशी बसून ती जांभळट बोळे एकेक करून बाहेर काढत होती.