रेडिओवाल्याच्या शर्टांची गोधडी

माझी ताई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी कपड्यांकडे. बसमध्ये समोर कुणी चौकड्यांचा शर्ट घालून बसला असेल, तर ती हळूच माझ्या कानात म्हणायची, "कोपरावर विरलाय बघ. अजून एखादं वर्ष, फार तर." त्या बिचाऱ्याला काय कल्पना, की शेजारच्या बाईने त्याचा शर्ट मनातल्या मनात उसवून, कापून गोधडीत लावूनसुद्धा टाकलाय. एकदा एका मैत्रिणीचा नवरा गेला म्हणून आम्ही भेटायला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले आणि ताईची नजर पडद्यांवर. मी तिला चिमटा काढला. बाहेर आल्यावर म्हणते, "कापड काय सुंदर होतं गं. पण अशा वेळी विचारणार कसं?" पुढे त्या मैत्रिणीनेच पडदे बदलले आणि जुने पिशवीत घालून ताईकडे पाठवले. म्हणजे रडता रडता तिनेही पाहिलं असणार.

ताई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात शिवणकामाला होती. तळघरातली लांबलचक खोली, एका बाजूला वाफ सोडणारी यंत्रं, दुसऱ्या बाजूला उंच खिडकीखाली हिचं टेबल. फाटक्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट समोर येऊन पडायचे. सगळं पांढरं. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा, अख्खी नोकरीभर. "पोट भरतं, पण डोळे उपाशी राहतात," असं ती म्हणायची. म्हणून घरी आली की रंगांवर तुटून पडायची.

सुट्टीच्या दुपारी तिच्याकडे गेलं की बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. टेबल भिंतीला लावलेलं, जमीन पुसलेली, त्यावर अंथरलेली चादर आणि चार कोपऱ्यांवर वजन म्हणून इस्त्री, वरवंटा, आणखी काय काय. त्यावर ती तुकडे मांडायची. खरं सुख त्या मांडण्यात होतं. एक तुकडा ठेवायचा, खुर्चीवर चढून वरून बघायचं, उतरून तो तुकडा इकडचा तिकडे करायचा, पुन्हा खुर्चीवर. "हा लाल आणि हा निळा भांडतायत," असं म्हणून त्या दोघांच्या मध्ये एक करडा तुकडा सरकवायची. "आता बघ. कुणीतरी समजूतदार मध्ये बसलं की झालं." तेव्हा तिचा चेहरा असा खुललेला असायचा, की मला हेवा वाटायचा. मी टपालाच्या खिडकीत शिक्के मारून घरी यायचे आणि पाय वर करून पडायचे. मला असं काही नव्हतं.

शिवायला ती कडेने सुरुवात करायची आणि चौकोनात फेऱ्या घालत घालत आत यायची. मध्य सगळ्यात शेवटी. "मध्यापर्यंत मन बदलायला सवड असते," म्हणायची. टाका लांब आणि सैल. जुन्या कापडाला ओढायचं नाही, थोपटायचं, हा तिचा नियम होता.

आता रेडिओवाला. म्हणजे माझे भावजी. रेडिओ दुरुस्तीचं त्यांचं छोटंसं दुकान होतं आणि सगळी गल्ली त्यांना रेडिओवाला म्हणायची, खुद्द ताईसुद्धा. माणूस दिवसभर तापलेली डाग द्यायची सळई हातात धरून बसलेला. वितळलेल्या धातूचे बारीक थेंब उडायचे आणि शर्टावर पोटापाशी, बाहीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडायची. एकही शर्ट धड नाही. वरच्या खिशात दोन स्क्रू ड्रायव्हर, त्यांच्या वजनाने तो खिसा लोंबलेला. ताई त्या शर्टांकडे आशाळभूतपणे बघायची. आकाशी, फिका हिरवा, एक बारीक तपकिरी रेघांचा. भावजी म्हणायचे, "त्यात अजून मी आहे. मी गेल्यावर कर काय ती कापाकापी." हे ते जेवताना, हसत म्हणायचे, आणि ताई त्यांच्या ताटात आणखी वाढायची.

ते गेले. छातीत दुखतंय म्हणून दुकानाची फळी अर्धी ओढली आणि तिथेच बसले. ताईने जुन्याला ठिगळ लावण्यात आयुष्य घालवलं, पण आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार? तिने शर्ट धुतले, घड्या घातल्या आणि पत्र्याच्या पेटीत ठेवले. त्यांची एक गोधडी करायची, स्वतःसाठी, हे तिने तेव्हाच मला सांगितलं.

पण स्वतःची पाळी यायला आधी रांग संपावी लागते. आमच्या नात्यात कुणाचं लग्न ठरलं, कुणाला मूल झालं, कुणाचं घर बदललं, की "ताई, आमची आधी हं." जणू ती गिरणी होती. हिला नाही म्हणता येत नसे. इतक्या गोधड्या केल्या आणि स्वतः मात्र मुलाने ऑफिसातून आणलेलं, कंपनीचं नाव छापलेलं ब्लँकेट पांघरून झोपायची. मी ओरडले तर म्हणायची, "होईल गं. शर्ट कुठे पळून जातायत?"

शर्ट पळाले नाहीत, डोळे पळाले. मोतीबिंदू वाढला, तेव्हा मात्र तिने कानाला खडा लावला. आता कुणाचं काही घेणार नाही म्हणाली आणि पेटी उघडली. तोवर ती मुलाच्या घरी राहत होती. मुलगा आणि सून कामावर गेले की बाहेरच्या खोलीत पसारा मांडायची आणि ते यायच्या आत गुंडाळून सोफ्यामागे ठेवायची. सुनेला दोऱ्यांचा कचरा आवडत नसे. तसं ती कधी बोलून दाखवत नव्हती, फक्त झाडू घेऊन यायची.

मी त्या गोधडीचं काम पाहिलंय. इतर गोधड्यांत ताई खराब भाग कापून टाकायची. इथे तिने एकही भोक टाकलं नाही. प्रत्येक जळक्या भोकाभोवती रंगीत दोऱ्याचं छोटंसं कडं घातलं होतं, त्यामुळे ती आकाशी कापडावर उमटलेली नक्षीच वाटायची. आणि मध्यावर तो लोंबलेला खिसा, शर्टावर होता तसाच, तोंड उघडं ठेवून.

"याचं काय करणार?" मी विचारलं.

"चष्मा ठेवणार. झोपताना कुठे ठेवते ते सकाळी सापडत नाही. आता हात घातला की मिळेल." मग म्हणाली, "रेडिओवाला पण तिथेच ठेवायचा ना, जे हरवू नये ते."

फेऱ्या घालत ती खिशाच्या अगदी जवळ आली आणि मग डॉक्टरांनी सांगितलं, आता थांबायचं नाही, ऑपरेशन करा. इस्पितळ माझ्या घराजवळ, म्हणून ती माझ्याकडे राहिली. मी वेळच्या वेळी थेंब घालायचे आणि तिच्या हातात सुई दिसणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून बघायचे. पट्टी निघाली तेव्हा तिने आधी माझ्या पडद्याकडे पाहिलं. "हा हिरवा आहे?" म्हणाली. "मी इतके दिवस राखाडी समजून याला नावं ठेवत होते." मग दिवसभर घरातल्या एकेका वस्तूचा रंग पुन्हा तपासत फिरली. तिला घाई झाली होती ती त्या आकाशी शर्टाची. "आता खरा कसा दिसतो ते बघेन आणि मधलं पुरं करेन," हेच दिवसरात्र.

भाचा आम्हाला न्यायला आला. गाडीत तो स्वतःशीच हसत होता. मला वाटलं, आई घरी येतेय म्हणून. घरात शिरलो तर सून दारातच, हातात मोबाइल, त्यावर लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली नात दिसतेय. "आजी, डोळे मीट," नात म्हणाली. ज्या बाईचे डोळे आत्ताच उघडले, तिला म्हणे डोळे मीट.

ताईच्या पलंगावर चकचकीत प्लास्टिकच्या पिशवीत, वर फीत बांधून, गोधडी ठेवली होती. पुरी झालेली.

"सरप्राइज," सून म्हणाली. "तुमचे डोळे असे, आणि तुम्ही त्यासाठी जीव टाकताय. म्हटलं, आपणच करून घेऊ. मोठ्या दुकानात दिली. मशीनवर करतात, एकदम पक्की."

भाच्याने फीत सोडली आणि गोधडी पसरली. चारी बाजूंनी लाल साटीनची झालर. आरपार मशीनचे बारीक, घट्ट टाके, बोटभर अंतरावर तिरक्या रेघा. जळक्या भोकांवर ताईने घातलेली कडी दुकानदाराने उसवली होती आणि तिथे साटीनची तयार फुलं चिकटवून शिवली होती. खराब भाग झाकला होता, दुसरं काय. त्याच्या जागी कुणीही असता तर हेच केलं असतं.

ताईने काहीच पाहिलं नसावं, असं मला क्षणभर वाटलं. ती वाकली आणि सवयीने हात थेट मध्यावर नेला. खिसा होता. बोटं त्याच्या तोंडाशी गेली आणि तिथेच अडकली. मशीनची रेघ खिशावरून आरपार गेली होती, एक नाही, अनेक. तिने बोटं पुन्हा आत घालून बघितली, दुसऱ्या कोपऱ्यातून. मग हात काढून घेतला.

"कशी झालीय?" मोबाइलमधून नातीने विचारलं.

"छान झालीय," ताई म्हणाली.

सुनेने फोटो काढला. त्या फोटोत ताई हसतेय, मी नाही.

स्वयंपाकघरात मी भाच्याला गाठलं. "तुला कुणी सांगितलं होतं हे?"

"मावशी, अगं आईसाठीच केलं ना?" तो गोंधळून म्हणाला. "ती म्हणत होती ना, मधलं तेवढं राहिलंय, मधलं तेवढं राहिलंय. म्हटलं, सुटेल एकदाची."

त्याला ओरडणारच होते, पण काय म्हणून? त्याने आईचं वाईट केलं नव्हतं. त्याने फक्त तिच्या हातातलं काम हे ओझं समजून उतरवून ठेवलं होतं. एवढी वर्षं त्याच खोलीत वाढला, त्याच तुकड्यांवर रांगला, आणि आई तिथे खुर्चीवर चढून काय बघते, हे याने एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. माझा संताप झाला आणि तो मी गिळला, कारण दारात ताई उभी होती.

"त्यांनी प्रेमानेच केलंय गं," नंतर ती मला म्हणाली.

"प्रेमाने केलंय म्हणून तर बोलता येत नाही. शत्रूने केलं असतं तर निदान चार शिव्या घातल्या असत्या."

यावर ती हसली नाही.

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा घरात ती एकटीच होती. गोधडी मांडीवर, हातात ब्लेड. खिशावरची एक रेघ उसवायला घेतली होती. हाताचा टाका असता तर दोरा ओढून सुटला असता. हा मशीनचा. टाका निघाला की त्याच्याबरोबर कापड निघत होतं. शर्ट आधीच विरलेले, त्यात सुईने इतक्या जवळ जवळ भोकं पाडलेली, की रेघेवर कापड वहीच्या पानासारखं फाटत होतं. खिशाचा एक कोपरा तिच्या बोटांत सुटून आला. नव्या डोळ्यांना तो आकाशी रंग आता अगदी स्वच्छ दिसत असणार.

"दे इकडे, मी बघते," मी म्हणाले.

"नको. राहू दे." तिने ब्लेड कागदात गुंडाळलं. "आहे तेही जाईल."

ती गोधडी सोफ्यावर पाठीला टाकलेली असते. येणारे जाणारे कौतुक करतात. सून सांगते, सासूबाईंनी केलीय, सासऱ्यांच्या शर्टांची. झोपताना ती कंपनीचं नाव छापलेलं ब्लँकेट घेते आणि चष्मा उशाशी ठेवते, आणि सकाळी शोधते. सोफ्यामागची जागा रिकामी आहे. तिथे आता सुनेने कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड ठेवला आहे.

परवा नातीला दिवस गेल्याची बातमी आली. मी तिथेच होते. सून आनंदाने ताईच्या शेजारी येऊन बसली, तिचा हात हातात घेतला. "आता पहिली गोधडी तुमच्याच हातची हवी हं, बाळाला. डोळेही आता छान झालेत. आमची आधी."

मी ताईकडे पाहिलं. जन्मात तिने कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

"दुकानात द्या ना," ताई शांतपणे म्हणाली. "छान करतात ते."

सुनेने क्षणभर विचार केला आणि तिचा चेहरा उजळला. "खरंच की," ती म्हणाली. "त्यांचं फिनिशिंग किती छान आहे. आणि तुम्हालाही त्रास नको." मग तिने मोबाइल काढला आणि दुकानाचा नंबर शोधायला लागली.