ऱ्हाईनवरची घोंगडी

वडील काय करायचे, असं इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेत कुणी विचारलं की माझा नवरा निहार सांगतो, "ज्वेलरी लाइनमध्ये होते." डोंबलाची ज्वेलरी लाइन. माझे सासरे पद्माकर, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, ते झारेकरी. कोल्हापूरच्या गुजरीत सोनारांच्या दुकानांतला केर विकत घ्यायचा, धुवायचा, त्यातून सोन्याचा कण काढायचा. आयुष्यभर घाण पाण्यात हात. त्याच केरावर हा इंजिनियर झाला आणि आता त्याला त्याचीच लाज. माझं डोकंच फिरतं.

आता दुकानंच आपला केर मशीनने गाळून घेतात, त्यामुळे बाबांचं काम संपलं. सासूबाई गेल्यावर ते उन्हाळ्यात आमच्याकडे यायला लागले. इथे दिवसभर करणार काय? एकदा त्यांना म्युझियममध्ये नेलं. तिथे एक तिरकी लाकडी फळी होती, वर जाड कापड. पूर्वी ऱ्हाईनच्या वाळूतून सोनं धुणाऱ्यांची. बाबा हलेनातच. म्हणाले, "अरुंधती, ही तर आपलीच माणसं गं."

झालं. पुढच्या खेपेला घोंगडी घेऊनच आले आणि रोज नदीवर जाऊन, ती तिरक्या फळीवर अंथरून, वरून वाळू धुवायला लागले. ऱ्हाईनचं सोनं पिठासारखं बारीक, डोळ्याला दिसत नाही, पण लोकरीत अडकतं. ती घोंगडी झटकायची नाही, धुवायची नाही. वाळवून गुंडाळून ठेवायची, आणि पुरेसं साठलं की जाळून राखेतून सोनं काढायचं. त्यातून त्यांना आमच्या अन्वीचे कान टोचायला दोन तारा करायच्या होत्या. त्यांच्या घरात पोरींचे कान बापाने नाहीतर आजोबांनी धुतलेल्या सोन्यानेच टोचतात. दोन उन्हाळे खपले ते. गुडघे गेलेले, नजर अधू. ही खेप शेवटची, हे त्यांनाही ठाऊक होतं.

परतीच्या आठवड्यात घोंगडी जाळायला कोळसा हवा म्हणून मी त्यांना घेऊन बाहेर गेले. इकडे शेजारीण निहारला बोलली, तुमच्या केलरमधून चिखलाचा वास येतो. यानं तळघरात जाऊन घोंगडी उचलली आणि तिथल्याच वॉशिंग मशीनमध्ये घातली, साठ डिग्रीवर. झारेकऱ्याचा पोरगा हा!

आम्ही आलो तेव्हा मशीन थांबलं होतं. घोंगडी आटून टॉवेलएवढी झालेली, स्वच्छ. बाबांनी ती बाजूला ठेवली. खाली बसले, मशीनची जाळी काढली, त्यातला गाळ परातीत घेऊन हलवायला लागले.

"बाबा, उठा ना. लोक बघतायत," जिन्यात येऊन थांबलेल्या शेजारणीकडे बघत निहार म्हणाला.

ते उठले नाहीत. परात फिरवत राहिले. शेवटी तळाशी लोकरीचे धागे तेवढे उरले. मला रडू आवरेना. तेव्हा कुठे निहारच्या डोक्यात उजेड पडला.

"बाबा, चुकलं माझं," तो म्हणाला. "आपण दुकानातून तार आणू. चांगली, बावीस कॅरेटची."

"आण की," बाबा म्हणाले. "पण त्यात माझं काय असणार?"