वडिलांच्या बाजूचं

चेनवालीला खरं नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. बॅगांच्या आणि जॅकेटांच्या बिघडलेल्या चेनी ती चुटकीसरशी दुरुस्त करायची, म्हणून चेनवाली. एकतिसाव्या वर्षी तिची पाळी कायमची गेली आणि गल्लीत डॉक्टरांचं पीक आलं. कुणी तिच्या बैठ्या कामाला दोष दिला, कुणी तापटपणाला. नवरा बिचारा काही बोलला नाही. बोलायचं काम त्याने आपल्या आईकडे सोपवलं होतं.

"हे तुझ्या आईच्या माहेरचं. आमच्या घराण्यात असलं काही नाही," वडिलांनी निकाल दिला. त्यांच्या दोन्ही सख्ख्या बहिणींची पाळी पस्तिशीच्या आत गेली होती. पण त्या मुळातच कडक स्वभावाच्या, हे संशोधन त्यांनी केव्हाच पूर्ण केलं होतं. बायकांचं दुखणं बायकांकडूनच येतं, यावर त्यांचा गाढ विश्वास.

रक्ततपासणीने घोळ घातला. चेनवालीच्या एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकात बदल सापडला. त्यामुळे काहीजणींचे बीजकोश अकाली थकतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईच्या रक्तात तो नव्हता, म्हणजे आला वडिलांकडून. आणि बापाकडे एक्स एकच, त्यामुळे तो प्रत्येक लेकीला मिळतो.

"धाकट्या बहिणीला लवकर पाठवा. तिची बीजं साठवून ठेवता येतील," त्यांनी बजावलं.

धाकटीचं लग्न ठरलं होतं. वडिलांनी तत्परतेने घराण्याची अब्रू वाचवायला घेतली.

"तिला एक अक्षर सांगायचं नाही. लग्न मोडलं तर?"

"आणि तिचं माझ्यासारखं झालं तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

आई गप्पच. जन्मभर माहेराचे दोष ऐकून घेतलेले; आता निर्दोष सुटली, तर बोलायची सवय राहिली नव्हती.

चेनवाली महिनाभर तोंड मिटून बसली. बहिणीचं लग्न मोडल्याचं खापर आपल्यावर फुटेल, या भीतीने तिला झोप लागेना. शेवटी दुकान बंद करून ती धाकटीच्या ऑफिसात गेली आणि तिथल्या जिन्यातच सगळं सांगून टाकलं.

धाकटीने शांतपणे विचारलं, "बाबांना कधी कळलं?"

"महिना झाला."

"गेल्याच आठवड्यात ते आम्हा दोघांना समजावत होते. मुलांची घाई करू नका, चार-पाच वर्षं मजेत काढा म्हणाले."

चेनवालीला रडू फुटलं. स्वतःसाठी ती अजून एकदाही रडली नव्हती.