गाणं सारजाचं होतं

त्या दिवशी आम्ही नवरा-बायको कापसाची शेवटची वेचणी करत होतो. झाडाला राहिलं होतं ते थोडंफार. कापसाच्या ओळीला आम्ही पात म्हणतो; सारजा पुढच्या पातीत, मी मागच्या. तिची सवय अशी की कमरेला कापूस टाकायची ओटी बांधली की तोंड आपोआप सुरू व्हायचं. हल्ली मात्र गप्प असायची, त्या दिवशीही. मी म्हटलं, म्हण ना काही. तर मान न वळवता म्हणाली, "कोनतं म्हनू? माहं म्हटलं तं लोक म्हंतीन, बुढी बॅन्डवाल्या पोट्ट्याइचं गानं चोरून राह्यली."

आम्ही ओट्या रिकाम्या केल्या, घरी आलो. संध्याकाळी ओसरीवर बसली असताना छातीत दाटलं म्हणाली. दवाखान्याची गाडी यायच्या आधी गेली.

मरण कोणाला चुकत नाही, ते मी समजून घेतो. पण स्वतः जुळवलेलं गाणं स्वतःच्या शेतात म्हणायला ती भ्यायली, हे मी समजून घेणार नाही. मी तिसरी शिकलेला माणूस. लिहिणं वाकडंतिकडं होईल, तरी लिहितो.

सारजा ठेंगणी, जाड आवाजाची. बोलणं तिखट. लग्नात तिच्या मामानं विचारलं, नवरा पसंत आहे का, तर म्हणे, "आता जेवनं उठले, आता का इचारता?" आदिलाबादजवळच्या आमच्या जैनथ गावाकडे वेचणीला बाया गाणं म्हणतात, त्याची एक रीत आहे. म्हणणारी स्वतःचं नाव कधी घालत नाही. शेजारच्या पातीवर जी मागं पडली असेल तिचं नाव घालून तिला चिडवते. सारजाच्या शेजारी नेहमी रुकमा. रुकमा हाताची संथ आणि गोष्टीवेल्हाळ. म्हणून सारजानं जुळवलं ते असं: "रुकमे, तुही पात राह्यली मागं, सूर्व्या गेला घरी." पुढं बरंच होतं, रुकमाच्या सासूपर्यंत जात होतं. सगळ्या बाया हसायच्या, रुकमाही हसायची, आणि हात जोरात चालायचे.

बैल विकल्यावर आमचा गोठा रिकामा पडला. गावातला निलेश आदिलाबादच्या कॉलेजात होता. तो तीन मित्र घेऊन आला, त्यातला ढोल बडवणारा तेलुगू पोरगा. म्हणाले, रॉक बॅन्ड काढायचा आहे, जागा द्या. मी नाही म्हणणार होतो. सारजा म्हणाली, "बैलं राह्यले तिथं हे राहतीन. शेन तरी नाई काढा लागनार." त्यांच्या दणदणाटानं कोंबड्या अंडी द्यायच्या बंद झाल्या. ती त्यांना चहा देता देता शिव्या द्यायची. बॅन्डचं नाव काय ठेवू, असं त्यांनी तिलाच विचारलं. "बोंड ठेवा," ती म्हणाली. "फुटलं तं फुटलं, नाई तं किडलं."

फुटलं. निलेशनं एकदा वेचणीत येऊन तिचं गाणं मोबाईलात भरून घेतलं. तिच्यासमोर, तिला विचारून. पोरांनी त्याला गिटार आणि ढोल लावले, मध्ये "रुकमा, रुकमा" अशी बोंब घातली, आणि ते गाणं हैदराबादपासून मुंबईपर्यंत वाजायला लागलं. शहरातल्या लोकांना वाटतं रुकमा म्हणजे कोणाची तरी सोडून गेलेली प्रेयसी. सारजा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग टीव्हीवर निलेशला विचारलं, हे गाणं कोणाचं? तो म्हणाला, पारंपरिक आहे, कोणी केलं कोणाला माहीत नाही.

पारंपरिक. ज्या बाईच्या हातचा चहा पिऊन तू मोठा झालास, ती पारंपरिक?

नंतर टीव्हीवाले गावात आले आणि गाण्यात नाव आहे म्हणून रुकमाला शोधून तिच्या खांद्यावर शाल टाकली. रुकमा माइकात सांगत होती, "बापा, मी तं फक्त मागं राह्यली होती, गानं सारजीचं हाय." ते त्यांनी कापून टाकलं. त्यानंतर सारजा वेचणीत कधी गायली नाही. मी चिडलो की म्हणायची, "असू द्या, मंदीचे बाबा. माहं नाव घातल्यानं का गानं लंबं होते?" मंदी आमची पोरगी, मुधोळला दिली. पण मला दिसत होतं. चुलीपाशीसुद्धा ती गप्प राहू लागली होती.

तिला नेताना रुकमानं ती शाल आणली आणि तिच्यावर पांघरली.

तेरवीला निलेश आला, गाडी घेऊन. पाया पडला, खरोखर रडला. म्हणाला, आदिलाबादला आमचा मोठा कार्यक्रम आहे, स्टेजवर आजीचा फोटो लावतो. मी विचारलं, फोटोखाली काय लिहिशील?

"बॅन्डची आजी," तो म्हणाला.

"ते तुही आजी नोयती. गानं जुळवनारी होती. तसं लिह्य."

तो खाली पाहून म्हणाला, आबा, गाण्याच्या कंपनीत ते पारंपरिक म्हणून लिहिलं गेलं आहे, आता बदललं तर भानगड होईल, बघतो. मी म्हटलं, "तू वेचनीतल्या बाईचं लेकरू. टीव्हीवाल्याले रीत मालूम नाई, तुले तं मालूम होती." तो गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसनं आदिलाबादला गेलो. बैलांच्या शिंगांचा लाल रंग उरला होता, तो डबा आणि ब्रश पिशवीत. बसस्टँडजवळ त्या चौघांचं मोठं फ्लेक्स लागलं होतं, खाली गाण्याचं नाव. मी पानठेल्यावरचं स्टूल मागितलं, वर चढलो आणि गाण्याच्या नावापुढं लिहिलं: सारजाबाईचं. अक्षरं वर चढत गेली. पानवाला तेलुगू. हिंदीत म्हणाला, बाबा, इधर मराठी कौन पढेगा? मी ब्रश त्याच्या हातात दिला. त्यानं खाली तेलुगूत लिहिलं. मला ते वाचता येत नाही, म्हणून म्हटलं, वाच.

"सारजाबाई," त्यानं वाचलं.

मी म्हटलं, जोरात वाच.