पहिली दोरी

मिना कॉरमॅकच्या नवऱ्याला पुरायचं होतं त्या दिवशी पाऊस वरून पडतच नव्हता, समुद्राकडून आडवा येत होता. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, केथनेसच्या किनाऱ्यावर यात नवल काही नाही. छत्री घेतलेला माणूस दिसला की तो परगावचा, एवढं इथं कुणीही सांगेल.

ह्यू कॉरमॅक असल्या हवेला वाईट म्हणायला जन्मात तयार झाला नाही. शेजाऱ्याचं कोंबड्यांचं खुराडं वाऱ्यानं उचलून चर्चच्या आवारात नेऊन टाकलं, तेव्हा तो म्हणाला होता, "चला, कोंबड्या देवाला लागल्या." बायको त्याच्या वरताण. पोरवयात मिना धक्क्यावर हेरिंग मासे साफ करायची, बोटांना चिंध्या गुंडाळून, मिठात हात घालून. लग्नानंतर ह्यूची बोट धक्क्याला लागली की दोर झेलायला तीच उभी असायची, मग गारा पडोत नाहीतर बर्फ. मूलबाळ झालं नाही. दोघंच एकमेकांना होती.

म्हणून तिला आता एकच गोष्ट हवी होती. आमच्यात शवपेटी आठ दोऱ्यांनी खाली सोडतात, आणि डोक्याकडची पहिली दोरी सगळ्यांत जवळच्या माणसाची. म्हणजे जवळच्या पुरुषाची, पण तसं कुणी बोलून दाखवत नसे. बायकांनी घरी थांबायचं, हॅम कापायचं, चहा ठेवायचा. मिनाला ती पहिली दोरी हवी होती.

तिचा दीर गिल्बर्ट दारात टोपी पिळत उभा होता. "वहिनी, रीतीचं मी काही म्हणत नाही. पण हवा बघा जरा! वारा उचलून नेईल तुम्हाला."

"चाळीस वर्षं बोटीवरून तुमच्या भावाला नेता आलं नाही त्याला. मला काय नेतोय!"

"न्यूमोनिया होईल."

"मग खड्डा बुजवायची घाई करू नका. एका खणण्यात दोन कामं."

पाद्रीसाहेब नवीन होते, दक्षिणेकडचे. ते हळूच म्हणाले, "मिसेस कॉरमॅक, आपण उद्यावर ढकलू या का?"

"उद्या याहून वाईट असणार, साहेब. म्हणजे आजचा दिवस चांगलाच म्हणायचा."

काळ्या पोशाखावर तिनं ह्यूचा बोटीवरचा रबरी कोट चढवला आणि ती पेटीमागून चालू लागली. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. काहींना तर मनातून बरंच वाटलं असणार.

कबरीपाशी अंत्यविधीवाल्या ब्रेम्नरनं पुकारलं, "पहिली दोरी," आणि नाव घ्यायच्या आधी तो अडखळला. गिल्बर्ट पुढे झाला. पण मिनाची दोरी हाताला गुंडाळूनही झाली होती.

"सोडा वहिनी. ओली आहे, निसटेल."

"ओल्या दोरानंच मी त्याला आयुष्यभर किनाऱ्याला ओढलंय. कोरडी असती तर मला जमलं नसतं."

गिल्बर्टनं तिच्या हातांकडे पाहिलं. मग तो पायाकडच्या दुसऱ्या दोरीला गेला.

पेटी खाली जाऊ लागली. मध्येच वाऱ्याचा झोत आला, कुणाचा तरी पाय चिखलात घसरला आणि पेटी कलली.

"सावकाश!" मिना ओरडली. "सगळे बरोबर सोडा. माशांची पाटी नाहीये ती!"

सगळे बरोबर आले. पेटी तळाला टेकली. रीत अशी, की मग दोरी आत टाकून द्यायची. सातांनी टाकल्या. मिनाला मात्र मूठ उघडेना. आयुष्यभर तिनं ह्यूचे दोर झेलले होते, सोडायची सवय तिला नव्हती. पाद्रीसाहेब प्रार्थना थांबवून उभे राहिले. शेवटी तिनंही टाकली.

आणि नेमका तेव्हाच पाऊस थांबला. ढग फाटले, ओल्या गवतावर लख्ख ऊन पडलं. आमच्याकडे उन्हानं माणसं हरखत नाहीत, धास्तावतात. इथं फुकट काही मिळत नाही, पुढं वसूल होतंच, अशी पक्की खात्री. गिल्बर्टनं वर पाहिलं आणि इथला कुणीही म्हणतो तेच त्याच्या तोंडून निघून गेलं, "याची किंमत मोजावी लागणार आता." मग त्यानं जीभ चावली.

मिनानं कोटावरचं पाणी झटकलं. तिचे डोळे वाहत होते, आणि आता तर पावसावरही ढकलता येत नव्हतं.

"किंमत मी मोजलीये, भावोजी," ती म्हणाली. "आजचं ऊन माझ्याकडून. घ्या सगळ्यांनी."