सतरा नंबरचा बिल्ला

डोंगराच्या धारेवर जाणारी वाट जिथे सुरू होते तिथे एक लाकडी चौकी आहे, आणि त्या चौकीत बिल्लेकाका गेली तेवीस वर्षं वैतागायच्या नोकरीवर आहेत. काम साधं. हिवाळ्यात रोज सकाळी धारेपर्यंत चढून काठीने बर्फ टोचून बघायचा आणि खाली येऊन वाटेची हालत फळ्यावर लिहायची. वर जाणाऱ्याने खुंटीवरचा पत्र्याचा नंबरी बिल्ला न्यायचा, उतरल्यावर परत अडकवायचा. संध्याकाळी खुंटी रिकामी दिसली, तर कोणीतरी वर अडकलंय. शेंबड्या पोरालाही कळेल.

पण इथे येणारी माणसं शिकलेली असतात.

फळ्यावर खडूने बोटभर जाड अक्षरांत लिहिलेलं असतं, "वर भुसभुशीत बर्फ, खाली काच. बुटांना खिळे बांधल्याशिवाय जाऊ नये." त्याच फळ्याला टेकून माणसं विचारतात, "काका, वर कसं आहे?"

"तुमच्या पाठीला विचारा," काका म्हणतात. "मजकूर तिथेच उमटलाय."

हीच मंडळी परतताना बिल्ला खिशात टाकून घर गाठतात आणि ऊन ऊन पाण्याने आंघोळ करतात. काका मात्र गुडघ्याला पट्टा बांधून त्यांच्या नावाने धारेवर हाका मारत हिंडतात. या हिवाळ्यात असं नऊ वेळा झालं होतं.

त्या दिवशी दुपारी मेहुणा आला. पायांत नवेकोरे, चकचकीत बूट.

"दाजी, जरा धारेवर चक्कर मारून येतो."

काकांनी बुटांचे तळ पाहिले. "हे लग्नाला घाल. वर जायचं तर खिळे बांध आणि बिल्ला घे."

"तुमचं आपलं नेहमीचंच. राहू द्या, चारच्या बसने घरी जातो." मेहुणा फुरंगटून बाहेर पडला. एक ब्याद टळली म्हणून काकांनी सुस्कारा सोडला.

दिवस मावळायला आला. काकांनी खुंट्या मोजल्या. सतरा नंबर रिकामा. पुन्हा मोजल्या. सतरा रिकामाच.

चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "दहावा शहाणाही घरी पोचला असेल. तुमचा गुडघा बघा आधी."

"आणि पोचला नसेल तर?"

"नऊ वेळा हेच म्हणालात."

"मग दहाव्यांदा का बदलू?" काकांनी दोर, कुदळ आणि बॅटरी उचलली.

वाटभर त्यांनी सतरा नंबरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. धार जिथे वीतभर उरते तिथला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उडवून नेला होता, खाली निळी काच उघडी पडली होती. काकांनी हाक मारली, "सतरा नंबर!"

"दाजी," असा बारीक आवाज आला.

मेहुणा घोड्यावर बसावं तसा धारेवर दोन्हीकडे पाय सोडून, एका दगडाला मिठी मारून बसला होता. तासाभरात बोटभरही हलला नव्हता.

"चारची बस इथून सुटते का?" काकांनी विचारलं.

मग कुदळीने पायऱ्या खणत, कमरेला दोर बांधून त्यांनी त्याला उतरवलं. दर पायरीला एक शिवी, हिशेब चोख. चौकीत येताच हात पुढे केला. "आण सतरा नंबर."

"कसला सतरा? मी बिल्ला घेतलाच नाही. घरच्या माणसाला कसला बिल्ला? चौकीच्या मागून गेलो होतो."

काकांचा चेहरा उतरला. म्हणजे सतरा नंबर अजून वरच. ते गुडघ्याचा पट्टा आवळू लागले.

"भिजलेला कोट तरी बदला," म्हणत काकूंनी तो ओढून काढला आणि सवयीने खिसे रिकामे केले. रुमाल निघाला, खडूचा तुकडा निघाला, आणि सतरा नंबर निघाला. सकाळी बर्फ बघायला जाताना, नियम म्हणजे नियम म्हणून, काकांनी स्वतःच तो घेतला होता.

मेहुण्याने तोंड उघडलं.

"हसलास तर परत नेऊन ठेवीन," काका म्हणाले.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी बिल्ला खुंटीला लावला. सकाळी मात्र फळ्यावर "बिल्ला आठवणीने परत लावावा" याच्या खाली त्यांच्या अक्षरात एक ओळ वाढली होती, "काकांनीही."

पहिल्याच पाहुण्याने तिथे पाठ टेकून विचारलं, "काका, वर कसं आहे?" आणि ती ओळ पाठीवर घेऊन तो धारेकडे निघाला.