हक्कसोड आणि सोनेरी अक्षरं

चाचांच्या दुकानात पीएचडीचे प्रबंध बांधले जातात. विद्यापीठाच्या रस्त्यावर अशी दुकानं बरीच, पण आमच्याकडं गर्दी जास्त, कारण खळ वाळल्याशिवाय चाचा प्रबंध हातात देत नाहीत, मग कुणी कितीही घाई करो. मी पानांचा क्रम लावते आणि रेक्झिनवर सोनेरी अक्षरं उठवायच्या आधी नाव बरोबर आहे ना, ते वाचून बघते. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला हे काम दुसऱ्या कुणी दिलं नसतं. नवरा चितेगावच्या कंपनीत लागला म्हणून देवगडाकडून इतक्या लांब आले, तेव्हा या शहरात मला ओळखणारं कुणीच नव्हतं. चाचांनी फक्त एवढंच विचारलं, मराठी वाचता येतं ना?

यंदा एक गंमत ध्यानात आली. प्रबंध कायद्याचा असो, समाजशास्त्राचा असो, नाहीतर मराठीचा, कव्हरवर ‘मानवी हक्क’ असायचंच. एकच गोष्ट एवढ्या विभागांना कशाला लागते, याचं मला नवल वाटायचं. आणि ती अक्षरं मी दोनदा वाचायचे, कारण ‘हक्क’ हा शब्द मी लहानपणापासून एकाच जोडीत ऐकलेला. हक्कसोड. वडील गेले की घर आणि आंब्याची कलमं भावांच्या नावावर राहावीत म्हणून बहिणींनी सही करून द्यायची. आत्यांनी दिली, आईनंही तिच्या माहेरी दिली. आता आमचे बाबा गेले आणि दादाचा फोन आला, “गो बाय, सही करूक कधी येतंस?” गणपतीत येते म्हणाले. पण सही द्यावी की नाही ते कळेना, आणि कळत नाही याचीच मला भीती वाटायची.

मग येईल त्याला विचारायला लागले. बहिणी हक्कसोड का देतात?

कायद्याचे सर हेल्मेट न काढताच बोलायचे. लेकीचा वाटा लेकाएवढाच, म्हणाले, पण एकदा सही नोंदवली की ती माघारी घेणं अवघड. जमीन किती गुंठे, असं विचारलं त्यांनी. मला सांगता येईना. आम्ही झाडं ओळखतो, विहिरीवरचं, वळणावरचं, आजोबांनी कलम बांधलेलं.

समाजशास्त्राची मॅडम बिडकीनची. स्टुलावर बसून स्वतःची पानं तपासताना तिनं मान वर केली. “ताई, मी लई बायांना विचारलं. वाटा घेतला तर माहेर तुटतं, असंच म्हणतात समद्या.” तुमचं रेकॉर्ड करू का, म्हणाली. मी घाबरून नाय म्हणाले आणि मग रेकॉर्ड न करता तिला सगळं सांगत बसले. तिचा चहा गार झाला.

मराठीच्या मुलाला माझ्या कलमांचं काही पडलं नव्हतं. त्याला शब्दच आवडला. “सोडायला आधी हातात असावं लागतं ना,” म्हणाला, आणि हसत गेला. त्या दिवशी मी पानं दोनदा चुकीची लावली.

चाचा हे सगळं खळीचा ब्रश फिरवत ऐकत होते. शहागंजात त्यांच्या वडिलांचं दुकान आहे, ते भावांकडं आहे, एवढंच मला माहीत होतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना ते आपणहून बोलले. “हमारे में भी बहनाँ अपना हिस्सा भाइयाँ को बख्श देतीं. मेरी बहन ने बख्शा. कुछ बोली नहीं. हम लोगाँ पूछेइच नहीं.” थोड्या वेळानं पुठ्ठा दाबत म्हणाले, “पूछना था.”

मी हातातली पानं खाली ठेवली. चहा प्यायल्यावर दुकानाच्या पायरीवर जाऊन दादाला फोन लावला.  तो चिडला तर गणपतीला कुठल्या घरी जायचं, हेच डोक्यात. ज्या दादानं मला शाळेत सायकलवर नेलं, त्याच्याशी असं बोलायचं जिवावर आलं होतं.

तो परत म्हणाला, कधी येतंस?

मी म्हटलं, “दादा, तू ‘कधी येतेस’ ते विचारतोस. ‘सही देतेस का’, हे कुणी विचारलंच नाही. ना आत्यांना, ना आईला.”

तो नुसता खाकरला. मग म्हणाला, “तुका कोणी शिकवल्यान ह्या?”

आत टेबलावर तीन प्रबंध दाबाखाली वाळत होते. “बरेच जण आहेत,” मी म्हटलं. “मी नुसतं बांधायचं काम करते.”

तो हसला की काय, कळलं नाही. पलीकडं कोंबडं ओरडलं, म्हणजे तो पडवीत होता.  मग हळूच, आईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, त्यानं विचारलं, “मगे… देतंस काय?”

एवढ्या जणांना विचारत फिरले होते, पण कुणी मला हे विचारेल असं वाटलंच नव्हतं. मी त्याला म्हटलं, थांब, मला विचार करू दे. तो बरं म्हणाला.